आधी नाव वाच

सर, गेल्या मंगळवारी सकाळी तुमच्या नावानं मेल आली, आणि तिच्यात तुम्ही गेल्याची बातमी होती.

शाळेतली पोरं कम्प्युटरच्या खोलीत यायच्या आधी मी माझी मेल बघून घेते, ही सवय तुमचीच. यादीत सगळ्यात वर तुमचं नाव दिसलं आणि मला बरं वाटलं. आदल्या आठवड्यात आपण फोनवर भांडलो होतो, तेच आपलं जुनं भांडण, आणि या वेळी पहिली माघार तुम्ही घेतलीत असं मी समजले. विषयाची जागा रिकामी होती. विषय न लिहिता मेल पाठवणाऱ्यावर तुम्ही किती चिडायचात ते आठवून मी जरा हसलेही. मग उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. मी अमोल, बाबा काल संध्याकाळी दुकानातच गेले, त्यांचं अकाउंट मशीनवर उघडंच होतं म्हणून त्यातूनच सगळ्यांना कळवतोय.

मी वर जाऊन परत नाव वाचलं. तुमचंच होतं. एफ-फाईव्ह दाबलं. पान पांढरं झालं, परत आलं, तेच होतं. पुन्हा दाबलं. पुन्हा पुन्हा दाबत राहिले. पोरं दारात येऊन उभी राहिली तरी माझं बोट त्या बटनावरून निघेना. तुम्ही असता तर म्हणाला असता, बटन एकदाच दाबायचं, घंटी न्हाई ती.

आणि खरं सांगू, त्या चार ओळींत मला सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं. अकाउंट उघडंच होतं. गोरेगावच्या स्टँडसमोरच्या त्या एका शटराच्या कम्प्युटरच्या दुकानात तुम्ही आयुष्यभर लोकांना हेच तर शिकवलंत. उठायच्या आधी बाहेर पडा, लॉगआउट करा. एखादा तसाच उठून गेला की तुम्ही भरलेल्या जीपमधून त्याला उतरवून आणायचात. "घराला कुलूप न लावता गावाला चालला का?" जीपवाला शिव्या द्यायचा, गिऱ्हाईक चरफडायचं, तुम्ही ढिम्म. दुसऱ्याचं अकाउंट उघडं सापडलं तर वाचायचं नाही, मुकाट बंद करायचं, हा दुसरा नियम. कुणी पासवर्ड टाकत असेल तर आपण रस्त्याकडं तोंड करायचं, हा तिसरा. असा माणूस अकाउंट उघडं टाकून उठला म्हणजे काय होऊन उठला असेल, याचा विचार मी बसमध्ये हिंगोलीपासून गोरेगावपर्यंत करत आले.

पण तुमचा सगळ्यात मोठा नियम माझ्यामुळं झाला. आधी नाव वाच, मग निकाल. भिंतीवर खडूनं लिहिलेला असायचा. नवीन येणाऱ्याला वाटायचं की परीक्षेचंच काहीतरी आहे. तुम्ही सांगायचात, मेल असो, बातमी असो, बक्षीस लागल्याचा निरोप असो, आधी बघा कुणाचं नाव आहे, कुणी पाठवलंय, मग आत काय लिहिलंय ते. का, हे मात्र कधी सांगितलं नाहीत. आता मी सांगते.

माझी बारावी झाली तेव्हा निकाल नेटवर कळायला नुकती सुरुवात झाली होती. आमच्या घरी ठरलेलं होतं. पास झाले तर हिंगोलीला कॉलेज, नापास झाले तर पुसेगावकडच्या तांड्यावरून आलेलं स्थळ. पाहुण्यांना मुद्दाम निकालाच्याच दिवशी संध्याकाळी बोलावलं होतं, म्हणजे मला विचार करायला वेळ नको. आमच्यात तांड्याचा नायक आणि पंच बसतात, गूळ वाटतात, दोन्हीकडच्यांनी तो खाल्ला की शब्द झाला. मग तो मोडत नाही. मोडला तर बापाला तांड्यावर मान वर करता येत नाही.

तुमच्या दुकानात त्या दिवशी जत्रा होती. तेव्हा तुम्ही निकाल ओरडून सांगायचात. पोरांच्या चिठ्ठ्या घ्यायच्या, नंबर टाकायचा, मॉडेम कुरकुरला की सगळ्यांनी श्वास धरायचा, पडद्यावर पान आलं की तुमचा आवाज. पास म्हणालात की टाळ्या, नापास म्हणालात की त्यानं गर्दीतून आपली वाट काढायची. माझी चिठ्ठी तुमच्या हातात गेली. मागून रेटा होता, कुणीतरी माझ्या वेणीवर हात टेकून उभं होतं. तुम्ही बटन दाबलंत, पडद्याकडं बघितलंत. "राठोड, नापास," म्हणालात आणि पुढची चिठ्ठी घेतलीत.

मी रडले नाही. इंग्रजीचा पेपर मला चांगला गेला होता, हेही मला आठवलं नाही. कम्प्युटर बोलला म्हणजे झालं. तांड्यावर पोचले तर आई, आमच्यात याडी म्हणतात, पाहुण्यांसाठी कप विसळत होती. मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि कप विसळत राहिली. बा आत जाऊन गुळाची ढेप फोडायला लागला. त्या बत्त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

इकडं काय झालं ते तुम्हीच मला नंतर सांगितलंत. निकालाचं पान वेगळ्या चौकटीत उघडायचं. माझा नंबर टाकला आणि तेवढ्यात फोनची लाईन तुटली. माझं पान आलंच नाही. चौकटीत माझ्या आधीच्या पोरीचं पान तसंच राहिलं होतं, आणि तीही राठोड. तुम्ही आडनाव बघितलंत आणि बोललात. बऱ्याच वेळानं गर्दी पांगली, लाईन परत आली, तुम्ही एफ-फाईव्ह दाबलंत आणि माझं पान समोर आलं. फर्स्ट क्लास. प्रिंटर चालू करायला हात घातलात आणि लाईट गेली.

आमच्या तांड्यावरून जाणारी सेनगावकडची जीप भरेपर्यंत हलत नाही. तुम्ही सायकल काढलीत.

तुम्ही तांड्यावर आलात तेव्हा पंच सतरंजीवर बसलेले होते. परातीत गूळ होता, वर फडकं. मी दाराआडून बघत होते. तुमचा शर्ट पाठीला चिकटला होता, दम लागून बोलता येईना. तुम्ही सरळ नायकासमोर जाऊन उभे राहिलात.

"पोरगी पास हाये," तुम्ही म्हणालात.

बा उठला. "दुपारी तर तुमीच नापास म्हनलात ना, सर."

"व्हय. चुकलं."

"कागद आनला का?" नायकानं विचारलं.

"लाईट गेली. कागद निघाला न्हाई."

नवऱ्या मुलाचा मामा हसला. "दुपारी नापास, संध्याकाळी पास. कम्प्युटर हाये का खेळ?" मग बा कडं वळून म्हणाला, "पोरगी द्यायची नसंल तर तसं सांगा. मास्तर कशाला आनता मधी?"

बा चा चेहरा मला दिसत होता. त्याला वाटलं मीच तुम्हाला बोलावलं. खरं तर मलासुद्धा तुमच्यावर विश्वास नव्हता. माझ्या मनात आलं, या माणसाला माझी दया आली आणि हा खोटं बोलायला आलाय, उद्या उघडं पडेल आणि मग आमचं काही खरं नाही.

तेव्हा तुम्हाला एक सोपी वाट होती, सर. कम्प्युटर चुकला म्हणायचं. सगळे असंच म्हणतात, बँकेतले म्हणतात, तहसिलीतले म्हणतात. तुम्ही म्हणालात, "कम्प्युटर बराबर हाये. म्या नाव वाचलं न्हाई. आडनाव बघितलं अन् बोललो. चूक माझी हाये, तकलीफ हिला कशाला?" पंचांसमोर, पाहुण्यांसमोर, सगळ्या तांड्यादेखत. त्यानंतर तुमच्याकडं कोण चिठ्ठी घेऊन येईल, याचा विचार तुम्ही केला होतात की नाही, मला माहीत नाही.

मग तुम्ही एवढंच मागितलंत. उद्या सकाळी हिंगोलीला चला, तिथं लाईट असते, पोरीला आपल्या हातानं नंबर टाकू द्या, तिच्या बापानं डोळ्यांनी बघावं. नापास निघाली तर मी स्वतः येऊन गूळ वाटतो. मामा उठायला लागला. नायकानं फडकं नीट केलं आणि म्हणाला, "बसा. गूळ एका रातीत नासत न्हाई."

सकाळची जीप. बा माझ्याशी बोलत नव्हता, तुमच्याशी बोलत नव्हता. तुम्ही मधे बसून नुसते रस्त्याकडं बघत होतात. हिंगोलीच्या कॅफेवाल्यानं विचारलं, "किसका देखना है?" तुम्ही खुर्ची ओढून मला बसवलंत. मी तोवर कीबोर्डला हात लावलेला नव्हता. एकेक आकडा शोधून दाबला. "आता परत वाच," तुम्ही म्हणालात. वाचला. "आता दाब. एकदाच."

पान पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. खालची निळी पट्टी अर्ध्यात येऊन अडकली. बा माझ्या खुर्चीला धरून उभा होता, खुर्ची हलत होती. माझं बोट परत बटनाकडं गेलं तर तुम्ही हात आडवा धरलात. "थांब. येऊन राहिलंय."

आलं. माझे डोळे एकदम खाली मार्कांकडं धावले. "आधी नाव वाच," तुम्ही म्हणालात. मी मोठ्यानं वाचलं. माझं नाव, बा चं नाव, राठोड. मग खाली आईचं नाव लिहिलेलं होतं, तेही वाचलं. सेवंता.

"सेवंता?" बा म्हणाला. "हिचं नाव काहून तेच्यात?"

"आईचं नाव असतंच," तुम्ही सांगितलंत.

बा नं पडद्यावर बोट ठेवलं आणि मला परत वाचायला लावलं. मार्कांचं त्यानं काहीच विचारलं नाही. तांड्यात राठोड उदंड, माझ्या नावाच्या पोरीही असतील, पण सेवंताची मुलगी एवढीच. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला आणि पागोट्याच्या शेवानं तोंड पुसत राहिला.

इथवरची गोष्ट तुम्हाला आवडायची. नंतर मी तुमच्याच दुकानातल्या कम्प्युटर क्लासवर शिकवायला लागले, तेव्हा गर्दी कमी असली की तुम्ही ती सेवंता आठवून हसायचात. पुढची तुम्हाला आवडायची नाही. परत येताना जीपमध्ये बा पेंगत होता, मी तुम्हाला विचारलं, "सर, मी खरंच नापास असते तर आला असता का?" तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. गोरेगावला उतरलो, तुम्ही म्हणालात मला काम आहे, आणि सायकल घेऊन कुठंतरी गेलात.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि संपलंच नाही. माझं म्हणणं असं होतं की तुम्ही पोरीसाठी आला नव्हता, चूक सुधारायला आला होता. फर्स्ट क्लासचं पान तुम्हाला सायकलवर बसवून घेऊन आलं. पान नापासचं असतं तर माझा गूळ तुम्हाला मान्य होता. माझ्या आधी जी राठोड होती तिच्यासाठी कोण गेलं? मी हे हसत विचारलं, चिडून विचारलं, दिवाळीच्या फराळाला तुमच्या घरी बसून विचारलं. तुम्ही दर वेळी उठून यूपीएसच्या वायरी बघायला जायचात. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात फोनवर मी म्हणाले, सर, तुम्हाला उत्तर नाही म्हणून तुम्ही बोलत नाही. तुम्ही म्हणालात, "बरं, ठेवतो." तुमचे शेवटचे शब्द माझ्यासाठी हे.

तुम्ही बदललात, ते मी बघत होते. निकाल ओरडून सांगणं त्याच वर्षी बंद केलंत. ज्याचा नंबर त्यानंच टाकायचा, बाकीच्यांनी उंबऱ्याबाहेर रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं. ऑक्टोबरच्या परीक्षेचे कोरे फॉर्म तुमच्या टेबलावर निकालाच्या आधीच येऊन पडलेले असायचे. एखादी पोरगी पडद्यासमोर गप्प बसून राहिली की तुम्ही पाण्याचा ग्लास आणि तो फॉर्म तिच्यापुढं सरकवायचात. मला वाटायचं, हे चांगलंच आहे, पण दुकानात बसून केलेलं आहे. सायकल कुठंय?

मंगळवारी दुपारी तुम्हाला नेलं. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यातली माणसं हळूहळू परतली. तुमच्याकडं मेल उघडायला, सात-बाराचा अर्ज टाइप करायला, दुबईतल्या मुलाचा चेहरा बघायला आलेली किती माणसं होती. मी दुकानाच्या पायरीवर बसले. एक बाई येऊन शेजारी बसली. कडेवर लेकरू, शेतातून तशीच आलेली.

"तू सेवंताबाईची ना? हितं शिकवायचीस ती?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मी शांता. तुझ्या आधी चिठ्ठी माझीच होती."

मी तिच्याकडं वळले. ती लेकराचं नाक पुसत सहज सांगत होती, जणू कालचीच गोष्ट. "सगळे म्हनत होते, सर तुमच्या तांड्यावर गेलते. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं बी आलते. हिंगोलीहून आले अन् तसेच सायकलवर. बा ला म्हनले, पोरीला ऑक्टोबरला बसवा, फॉर्म मी भरतो. पर आमचा गूळ त्याच दिशी सकाळी वाटून झाला होता. उशीर झाला."

"मग?"

"मग काय. पानी पेले, गेले. सासरी येऊन ऑक्टोबरचा फॉर्म भरून घेतला माझा. इंग्रजी निघालं, एक विषय न्हाई निघाला. मग थोरलं पोरगं झालं." तिनं लेकरू दुसऱ्या मांडीवर घेतलं. "मी तर खरंच नापास होते. पर आलते."

सर, एवढं सांगायला तुम्हाला काय झालं होतं? इतकी वर्षं मी तुम्हाला टोचत राहिले आणि तुम्ही वायरी बघत राहिलात. उशिरा पोचलात म्हणून ते गेल्यात धरलं नाहीत का? मला तुमचा राग आला. त्या पायरीवर, तुमची राख अजून गरम असताना, मला तुमचा भयंकर राग आला आणि मग मी शांताच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तुम्ही सुखात असाल तिथं, पण हे उत्तर तुमच्या तोंडून ऐकायचा हक्क माझा होता. आणि तुम्हाला आभार म्हणायचे राहिले, तेही आहेच. त्या दिवशी सायकलवरून आलात त्याचे मी कधी मानलेच नाहीत. भांडण संपल्यावर मानू, असं ठरवलं होतं.

दिवस कलायला लागला तसं अमोलनं शटर वर केलं. तुमची खुर्ची मागं सरकलेली, तिरकी. चष्मा कीबोर्डशेजारी. पडदा चालू आणि त्याच्यावर तुमचं अकाउंट. अमोल म्हणाला, "ताई, पासवर्ड आम्हाला कुणालाच माहीत नाही. बाबांनी आईलाही सांगितला नाही. एकदा बंद झालं की परत उघडणार नाही. तुम्ही बघून घेता का काही महत्त्वाचं असेल तर?"

मी खुर्ची सरळ करून बसले आणि तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस पिरपिरायला लागला. तुमच्या जुन्या बॅटरीत किती दम आहे ते मला माहीत होतं. त्या पिरपिरीत मशीन कधी आपोआप मरू द्यायचं नाही, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी शिकवलंत. अमोल मागं उभा राहून म्हणत होता, "ताई, लवकर." डाव्या बाजूला पाठवलेल्या मेलींचा कप्पा होता. मला सगळं हवं होतं. शांताबद्दल तुम्ही कुणाला काही लिहिलंत का, आदल्या आठवड्यातल्या फोननंतर मला काही लिहायला घेतलं होतंत का, किती वेळा माझं नाव त्यात आहे. माऊस त्या कप्प्यावर जाऊन थांबला. पिरपिर वाढली.

मग मी अमोलला म्हणाले, "तिकडं रस्त्याकडं तोंड कर."

तो वळला. मी कोपऱ्यात वर तुमचं नाव वाचलं, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. आणि बाहेर पडायचं बटन दाबलं. एकदाच.